जिलेटिनची वडी मे महिन्यात का विरघळते? माशांच्या घरगुती खाद्यातल्या बाइंडरविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरला घरी दोन टाक्या आहेत, एकीत गोल्डफिश, दुसरीत एंजल. सुका जवळा, पालक, स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) आणि मैदा मिक्सरमधून काढून खाद्य घरीच बनवता. आधी नुसत्या मैद्याच्या वाळवलेल्या गोळ्या टाकत होतात, त्या मिनिटभरात फुटायच्या. मग जिलेटिन घालायला सुरुवात केली आणि हिवाळाभर छान चालले. एप्रिल संपत आला तसे तेच खाद्य, तेच प्रमाण, पण टाकीत पडल्यावर पाच मिनिटांत लगदा आणि संध्याकाळपर्यंत पाणी दुधाळ. कुणी सांगितले जिलेटिन दुप्पट करा, कुणी म्हणाले अगर (चायना ग्रास) वापरा, कुणी ग्वार गम (गवारीच्या बियांचा डिंक) सुचवला. नेमके काय घालावे? आणि बाजारातली तरंगणारी गोळी घरी का जमत नाही?

आधी नेमके उत्तर देतो. जिलेटिन दुप्पट करू नका, उन्हाळ्यापुरते ते बंदच करा. एंजलसाठी अंडे आणि शिजवलेला मैदा यांवर बांधलेली वाफवलेली वडी करा, गोल्डफिशसाठी अगरची वडी करा. आणि या दोन्हींच्या आधी तुमचा जवळा आत्ता दळता त्याहून बराच बारीक दळा. आता कारणे. ती कळली की उद्या दुसरे मासे आणलेत तरी कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

तुमच्या जिलेटिनमध्ये खोट नाही. जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढलेले जिलेटिन 30 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि साधारण 35 च्या आत पूर्ण वितळते. जेली जिभेवर ठेवली की विरघळते ती याचमुळे. जानेवारीत तुमची टाकी हीटर लावून 25-26 वर असते, तेव्हा वडी मासे खाईपर्यंत टिकते. मे महिन्यात नागपुरात कूलर चालू असलेल्या खोलीतही टाकीचे पाणी सहज 32-33 वर जाते. म्हणजे तुम्ही वडी अशा पाण्यात टाकता ज्यात ती वितळणारच. प्रमाण दुप्पट केले तर फ्रीजमधली वडी आणखी घट्ट होईल, पण वितळण्याचे तापमान जेमतेमच वर सरकेल. पाच मिनिटांऐवजी आठ मिनिटांत लगदा होईल, एवढाच फरक. शिवाय जिलेटिन हे प्रथिन असले तरी अपुरे आहे. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळपास नसते. त्यामुळे ते वाढवत नेल्याने खाद्य पौष्टिक होत नाही, उलट चांगल्या प्रथिनाची जागा अडते.

हीच अडचण सूक्ष्मजीवशास्त्रालाही आली होती, आणि तिचा तोडगा स्वयंपाकघरातूनच निघाला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवत असत. उष्णतेत ते वितळायचे, आणि काही जिवाणू तर जिलेटिनच पचवून त्याचे पाणी करायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी 1881 च्या सुमारास सुचवले की त्या घरी जेलीसाठी वापरतात ते अगर घेऊन पाहा. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये अगरच्याच बशा असतात. तुमच्या टाकीतही जिलेटिनवर हे दोन्ही हल्ले एकाच वेळी होतात: उष्णता वडी सैल करते आणि सुटलेला लगदा जिवाणू फस्त करतात. पाणी दुधाळ दिसते ते खाद्याच्या पिठामुळे थोडे, आणि एकदम वाढलेल्या जिवाणूंमुळे जास्त. ते जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात, आणि 33 अंशांच्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. सडलेल्या प्रथिनातून अमोनिया सुटतो, आणि पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी तितका त्याचा विषारी भाग जास्त. म्हणून उन्हाळ्यात सैल बांधलेले खाद्य ही नुसती सफाईची कटकट राहत नाही, माशांच्या जिवाशी खेळ होतो. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा आहे, त्याला हे सगळ्यात आधी बाधते.

बाइंडर, म्हणजे खाद्य बांधून ठेवणारा घटक, निवडताना मी एकच गोष्ट पहिल्यांदा बघतो: तो एकदा घट्ट झाल्यावर परत सैल होऊ शकतो का? जिलेटिन सैल होते, तेही माशांना सोसणाऱ्या तापमानात. अगरही सैल होते, पण ते पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे टाकीत कधीच नाही. अंड्याचे प्रथिन एकदा गोठले की गोठले, उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. शिजलेला स्टार्च आणि गव्हातले ग्लूटेन हेही याच जातीचे. अल्जिनेट (तेही समुद्री शेवाळातून मिळते) कॅल्शियमने बांधले जाते, त्याला उष्णतेशी देणेघेणे नाही. आणि ग्वार गम कशातच बसत नाही, कारण तो गोठतच नाही, फक्त दाट होतो. पुढचे सगळे निर्णय यातून निघतात.

पण बाइंडरकडे वळण्यापूर्वी दळण. घरगुती खाद्य फुटण्याची जितकी उदाहरणे माझ्यापुढे येतात त्यांतल्या बहुतेकांत बाइंडर कमी नसतो, भरड जास्त असते. मिक्सरमधून काढलेला जवळा बोटांवर चोळून बघा. पिठात कवचाचे बारीक टोकदार तुकडे हाताला लागतील. वडीत असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक फट, पाणी त्या फटीतून आत शिरते आणि वडी आतून फुगून फुटते. पालकाच्या देठांचे धागेही तेच करतात. कोळंबी-संवर्धनातले कारखानदार कच्चा माल सुमारे 250 मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक दळतात, कारण कोळंबी खाद्य तोंडात न घेता पायांत धरून तासन्तास कुरतडते आणि तोवर गोळी टिकायला हवी. आपल्याला एवढे काटेकोर व्हायची गरज नाही. जवळा आधी मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात सोडा, हाताने हलवा आणि दहा मिनिटे थांबा. वाळू तळाशी बसते, जवळा वरच्या वर हाताने उचलून घ्या, पाणी ओतून देऊ नका, नाहीतर वाळू परत त्यातच येईल. चाखून बघा, खारवलेला असेल तर पाणी दोनदा बदला. मग पंख्याखाली नाहीतर मंद कढईत पूर्ण कोरडा करून दळा आणि मैद्याच्या चाळणीतून चाळा. चाळणीवर उरेल ते परत मिक्सरमध्ये. पालकाचे देठ काढून टाका, पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिळून वाटा. एवढे केल्यावर पूर्वी लागत होता त्यापेक्षा बाइंडर कमी लागतो, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

तेलाचेही तसेच. कॉडलिव्हर तेल चांगले म्हणून बरेचजण चमचे भरून घालतात. तेल कणांवर चढले की त्यांना एकमेकांना धरताच येत नाही. कारखान्यात जास्तीचे तेल गोळी तयार झाल्यावर बाहेरून मारतात ते याच कारणाने. तुमच्या मिश्रणात शंभर ग्रॅमला एक-दीड ग्रॅमपेक्षा जास्त तेल नको.

आता मैदा. नुसता मैदा घालून उन्हात वाळवलेली गोळी फुटणारच होती, कारण तो मैदा कच्चा होता. गव्हातला स्टार्च साधारण 60 अंशांच्या पुढे, पुरेशा पाण्यात, फुगतो आणि त्याची चिकट खळ होते. ती खळ बाकीच्या कणांना धरते. कच्च्या स्टार्चचे कण कोरडे असताना चिकटल्यासारखे वाटतात, पाण्यात पडले की पाणी पिऊन सुटतात. पचनाच्या दृष्टीनेही कच्चा स्टार्च माशांना जड जातो, मांसाहारी माशांना तर फारच. मैद्यात दुसरी उपयोगी गोष्ट आहे ग्लूटेन, पण ते कणीक मळल्यावरच जाळे धरते. म्हणून मैदा वापरायचा तर तो पाण्यात नीट मळा आणि मग शिजवा, दोन्ही करा. साबुदाण्याची खळही उत्तम चिकटते, पण तिच्यात प्रथिन जवळजवळ नाही. तांदळाची पिठी चालते. कस्टर्ड पावडर मात्र घेऊ नका, ती म्हणजे रंग आणि वास घातलेला मक्याचा स्टार्च. तयार जेलीची पाकिटेही नकोत, त्यात साखर असते.

बाजारातली तरंगणारी गोळी घरी का जमत नाही, असेही तुम्ही विचारले होते. त्या गोळीत वेगळा काही गुप्त बाइंडर नसतो. एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात पीठ प्रचंड दाबाखाली शंभर अंशांच्या बरेच वर तापवतात. साच्यातून बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि गोळी फुलते. त्यासाठी मिश्रणात सुमारे वीस टक्के स्टार्च लागतो. फ्लेक्स वेगळ्या रीतीने होतात: पातळ खिरीसारखे मिश्रण वाफेने तापलेल्या फिरत्या पिंपावर पसरतात आणि शिजून वाळलेला पापुद्रा खरवडून काढतात. दोन्हीकडे धरून ठेवण्याचे काम शिजलेला स्टार्च आणि ग्लूटेनच करतात. डब्यावरच्या यादीत गव्हाचे पीठ वर दिसले म्हणून लगेच भेसळ समजू नका, काही प्रमाणात ते लागतेच. पहिल्या क्रमांकावर असेल तर मात्र माशाच्या खाद्याच्या नावाखाली पीठ विकत घेतोय का, हा विचार करा.

एंजलसाठी मी अंडे का सुचवतो, ते सांगतो. एंजल हा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला शिकारी स्वभावाचा मासा. तुकडा दिसला की झडप घालून गिळतो. त्याला तासभर टिकणारी वडी नको, दहा मिनिटे टिकणारी पुरते, पण तिच्यात प्रथिन भरपूर हवे. अंडे बांधतेही आणि पोसतेही, आणि असे दोन्ही करणारा बाइंडर स्वयंपाकघरात दुसरा नाही. फक्त ते शिजलेच पाहिजे. कच्च्या पांढऱ्या बलकातले एव्हिडिन हे प्रथिन बायोटिन नावाचे जीवनसत्त्व अडकवून ठेवते, शिजल्यावर ते निकामी होते. वाफवण्याचा आणखी एक फायदा आहे. काही जातींच्या माशांत आणि शिंपल्यांत थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते बी-1 जीवनसत्त्व मोडते. कच्च्या माशाचे वाटण महिनोन्महिने खाऊ घातले तर त्याचा त्रास होऊ शकतो. वाफेत तेही मरते.

कृती अशी. दीडशे ग्रॅम सोललेली कोळंबी, नाहीतर नीट काटे काढलेला रोहू. चाळीस ग्रॅम चाळलेले जवळ्याचे पीठ थोड्या पाण्यात भिजवून. पन्नास ग्रॅम पिळलेला पालक, पाच ग्रॅम स्पिरुलिना, दोन अंडी, चाळीस ग्रॅम मैदा. मैदा थोड्या पाण्यात आधी मळून सैल करून घ्या, मग सगळे एकत्र अगदी मऊ वाटा. मिश्रण मेदूवड्याच्या पिठाइतके घट्ट हवे. पातळ झाले तर थोडे जवळ्याचे पीठ वाढवा, मैदा वाढवू नका. तेलाचा हात लावलेल्या ताटलीत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीत पसरा आणि ढोकळ्याच्या भांड्यात बारा ते पंधरा मिनिटे वाफवा. सुरी टोचून कोरडी निघाली पाहिजे. झाकणावरचे पाणी वडीवर टपकू देऊ नका, त्या जागा बुळबुळीत राहतात आणि टाकीत आधी तिथूनच सुटतात, म्हणून झाकणाला आतून फडके बांधा. पूर्ण गार झाल्यावर माशाच्या तोंडाच्या मानाने तुकडे करा. फ्रीझरमध्ये ही वडी उत्तम टिकते, बाहेर काढल्यावर पाणी फारसे सोडत नाही. क जीवनसत्त्व मात्र वाफेत बरेच जाते, ते या वडीतून मिळेल अशी आशा ठेवू नका. आठवड्यातून दोनदा जिवंत डाफ्निया (पाण्यातले बारीक जीव) किंवा डासांच्या अळ्या, आणि मधूनमधून चांगले तयार खाद्य द्या.

गोल्डफिशची गोष्ट निराळी. त्याला जठर नाही, आतडे लांब, आणि दात घशात. तो तुकडा तोंडात घेतो, चावतो, अर्धा थुंकतो, पुन्हा घेतो, आणि चावताना बारीक चुरा कल्ल्यांतून बाहेर पडत राहतो. दुधाळ पाण्याची तक्रार गोल्डफिशवाल्यांकडूनच जास्त येते ती या सवयीमुळे. त्याला मऊ पण न विरघळणारी, वनस्पतिजन्य भाग जास्त असलेली वडी हवी, आणि इथे अगर चपखल बसते. अगर लाल समुद्री शेवाळापासून काढतात. आपल्या देशात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ते शेवाळ गोळा होते. दुकानात चायना ग्रास म्हणून पट्ट्या मिळतात, पावडरही मिळते. पावडर घ्या, लवकर आणि पूर्ण विरघळते.

अगर कितीही चांगले असले तरी ते माशाला पचत नाही, आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते. गोल्डफिशच्या आहारात थोडा चोथा चालतो, पण याच कारणासाठी प्रमाण जपा. तयार मिश्रणाच्या एक ते दीड टक्का अगर पुरते. अडीच-तीन टक्के घातले की वडी कडक होते, मासा चावून थुंकतो, आणि विष्ठा फिकट व लांब लोंबकळणारी दिसू लागते. तशी दिसली तर आधी अगर कमी करा आणि आठवड्याभरात फरक पडला नाही तर आतड्यातल्या परजीवींचा विचार करा.

शंभर ग्रॅम उकडून सालं काढलेले मटार, पन्नास ग्रॅम पालक, पन्नास ग्रॅम भिजवलेले जवळ्याचे पीठ आणि दहा ग्रॅम स्पिरुलिना या मापाला दोनशे मिलिलिटर पाणी आणि सहा ग्रॅम अगर पावडर घ्या. अगर गार पाण्यात भुरभुरा, पाच मिनिटे भिजू द्या, मग ढवळत उकळी आणा आणि दोन-तीन मिनिटे उकळत ठेवा. द्रव पारदर्शक दिसला पाहिजे. चमचा बुडवून तिरका धरा, त्यावर वाळूसारखे कण दिसत असतील तर अगर अजून विरघळलेले नाही आणि ते कण पुढे काहीच बांधणार नाहीत. त्यात लिंबू किंवा आंबट काही घालून उकळू नका, आम्लात उकळल्याने अगर कमजोर होते.

पुढची पायरी सगळ्यात जास्त वेळा बिघडते. अगर साधारण 35 ते 40 अंशांच्या दरम्यान गोठते. तुम्ही मटार-पालकाचे वाटण फ्रीजमधून काढून त्यात गरम अगर ओतलेत तर ते थंड वाटणाला लागताक्षणी जिथल्या तिथे गोठते. पांढरट दोरे आणि गुठळ्या होतात, आणि उरलेले वाटण मात्र न बांधलेलेच राहते. वडी वरून घट्ट दिसते, टाकीत पडली की गुठळ्या वेगळ्या आणि लगदा वेगळा. म्हणून वाटण आधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून हाताला चांगले कोमट लागेल एवढे, म्हणजे 45 अंशांच्या आसपास आणा. मगच अगर ओता आणि थांबत न बसता ढवळा. मिश्रण बोट सहन करेल इतके निवले की स्पिरुलिना, तेलाचे दोन-चार थेंब, आणि वापरत असाल तर जीवनसत्त्वाची पूड घाला, कारण उकळत्या अगरमध्ये घातलेले क जीवनसत्त्व वाया जाते. लगेच ताटात पसरा. घरच्या तापमानालाच अर्ध्या तासात वडी बसते, फ्रीज लागत नाही.

अगरच्या वडीला फ्रीझर मानवत नाही. बर्फ झाला की तिचे जाळे तुटते, बाहेर काढल्यावर ती स्पंजासारखी होते आणि पाणी सोडते, आणि त्या पाण्याबरोबर विरघळलेले पोषण जाते. आठवड्याला लागेल तेवढी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. जास्तीची गोठवायचीच असेल तर पातळ वड्या करा, मिश्रणात अर्धा टक्का ग्वार गम घाला, त्याने पाणी सुटणे कमी होते. टाकीत टाकण्याआधी तुकडा वाटीभर पाण्यात खळबळून घ्या.

ग्वार गमविषयी एवढेच पुरे: तो गवारीच्या बियांचा, राजस्थानात भरपूर होतो, थंड पाण्यात दाट होतो, आणि वाटण गोठवून देणाऱ्यांना सोयीचा पडतो. एकटा बाइंडर म्हणून तो बुळबुळीत वाटण देतो, वडी देत नाही. एक टक्क्याच्या वर गेलात तर माशाच्या आतड्यातले द्रव्य इतके दाट होते की अन्न नीट पचत नाही आणि विष्ठाही पातळ होऊन टाकीभर पसरते. सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, कारखान्यांत वापरतात, घरी त्याची गरज पडत नाही. बेंटोनाइट ही चिकणमाती गोळ्या दाबून काढणाऱ्या यंत्रांसाठी ठीक आहे. आपल्या वडीत ती म्हणजे नुसती माती.

अल्जिनेटवर मात्र थोडे थांबतो, कारण उद्या तुम्ही चेरी श्रिम्प (छोटी शोभेची कोळंबी) किंवा प्लेको (तळाशी राहणारा मासा) पाळलेत तर तेच लागेल. हे जीव तासन्तास खरवडून खातात. सोडियम अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळते, कॅल्शियम भेटले की ते उष्णतेशिवाय गोठते. दीड टक्का अल्जिनेट पाण्यात भिजवून, घोटून वाटणात मिसळा, सुईविना सिरिंजमधून कॅल्शियम लॅक्टेटच्या दोन टक्के द्रावणात शेव सोडा, दहा मिनिटांनी काढून साध्या पाण्यात धुऊन घ्या. काही शिजवावे लागत नाही, त्यामुळे जीवनसत्त्वे शाबूत राहतात. पण अल्जिनेट बोअरच्या पाण्यात भिजवू नका. जड पाण्यातले कॅल्शियम त्याला आधीच पकडते आणि तळाशी न फुटणाऱ्या गाठी बसतात. फिल्टरचे पाणी घ्या. ही खटपट नको असेल तर प्लेकोसाठी सोपा उपाय आहे: स्वच्छ, गुळगुळीत दगड गरम अगरच्या मिश्रणात बुडवून काढा, थर बसला की तो दगडच टाकीत ठेवा.

जिलेटिन कायमचे टाकून द्यायचे कारण नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्याकडे ते अगरपेक्षा सरस आहे, कारण ते पूर्ण पचते आणि चावायला मऊ असते. शंभर मिलिलिटर पाण्याला सात-आठ ग्रॅम, आधी गार पाण्यात फुगवून, मग 60 अंशांपर्यंत गरम करून. उकळू नका, उकळल्याने त्याची पकड कमी होते. कच्ची पपई किंवा ताजे अननस त्यात घालू नका, त्यांतली विकरे प्रथिन तोडतात आणि जिलेटिन बसतच नाही. घरात कुणाला जनावरापासूनचा पदार्थ स्वयंपाकाच्या भांड्यांत नको असेल, तर हिवाळ्यातही अगरच चालू ठेवा.

कोणतीही नवी वडी केली की टाकीत टाकण्याआधी ग्लासात तपासा. ग्लासभर पाणी टाकीतूनच घ्या, कारण तापमान तेच हवे. माठातल्या किंवा फ्रीजमधल्या पाण्यात केलेली तपासणी तुम्हाला फसवेल. वाटाण्याएवढा तुकडा सोडा. एंजल-गोल्डफिशसाठी दहा मिनिटे, तळाशी राहणाऱ्या जिवांसाठी दोन तास थांबा. मग चमच्याच्या दांड्याने पाणी सावकाश दोनदा फिरवा आणि ग्लास उजेडासमोर धरा. कडा स्पष्ट आणि पाणी नितळ असेल तर वडी जमली. कडा गोलसर होऊन झिरमिळ्या निघाल्या असतील तर बाइंडर कमी आहे किंवा शिजला नाही. तुकडा अखंड आहे पण तळाशी भुकटी पडली, तर दळण भरड आहे. तुकडा दोन-तीन ठिकाणी सरळ चिरला गेला, तर आतून फुगला आहे, म्हणजे मैदा कच्चा राहिला. यातले कोणते झाले ते नीट बघितल्याशिवाय प्रमाण बदलू नका.

बांधणीचा प्रश्न नेहमी बाइंडरनेच सुटतो असेही नाही. आंध्रातल्या कार्प माशांच्या तळ्यांत भाताचा तेल काढलेला कोंडा न बांधताच देतात. भोके पाडलेल्या पोत्यांत तो भरून बांबूला टांगतात आणि मासे भोकांना तोंड लावून खातात. खाद्य सांडत नाही कारण ते पोत्यातच असते. टाकीत याचा छोटा अवतार म्हणजे काचेला चिकटणारी जाळीची वाटी. सैल झालेले जिलेटिनचे खाद्य आत्ता फ्रीजमध्ये उरले असेल तर ते फेकू नका, अशा वाटीत थोडे थोडे देऊन संपवा.

एक शंका तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो: वडीऐवजी सुकी गोळी करावी का? करता येते. मैद्याची खळ शिजवून त्यात जवळ्याचे पीठ आणि स्पिरुलिना मळा, गोळा वीस मिनिटे वाफवा, गरम असतानाच सोऱ्याच्या बारीक शेवेच्या चकतीतून काढा, आणि कडक उन्हात न ठेवता सावलीत पंख्याखाली खुटखुटीत वाळवा, मग हाताने मोडा. मे महिन्यात नागपुरात एका दिवसात वाळेल. पण जून लागला की हे बंद करा. पावसाळी हवेत आतून ओलसर राहिलेल्या गोळीला बुरशी धरते, दिसण्याआधीच तिची विषे खाद्यात उतरलेली असतात, आणि शेंगदाण्याची पेंड घातलेली असेल तर धोका आणखी वाढतो. खवट किंवा कुबट वास आला तर वाळवून परत वापरायचा मोह करू नका, सगळे टाकून द्या.

आणि सध्या, पाणी 32 च्या वर आहे तोवर, खाद्य दिवसातून एकदाच, सकाळी लवकर, तीन-चार मिनिटांत संपेल एवढेच द्या. अगर टाकीत विरघळत नाही आणि सहसा कुजतही नाही, पण त्यात बांधलेला जवळा आणि मटार कुजतात, म्हणून उरलेले तुकडे दहा मिनिटांनी जाळीने काढा. आत्ता जे पाणी दुधाळ झाले आहे त्यातले एक चतुर्थांश रोज, क्लोरीन उडालेल्या आणि त्याच तापमानाच्या पाण्याने बदला, हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा, आणि पाणी नितळेपर्यंत दोन दिवस खाद्य अजिबात देऊ नका. मोठे धडधाकट मासे तेवढे सहज काढतात.